चाहूल लागली की कॅमेरा जागा व्हावा

आजच्या भागात आपण घराच्या, गोठ्याच्या आणि गटाच्या शेडच्या राखणीबद्दल बोलणार आहोत. गावोगावच्या गटांच्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा हल्ली एक प्रश्न हमखास निघतो. बाया म्हणतात, "ताई, कॅमेरा बसवलाय. पण शेळ्या गेल्या तेव्हा आम्ही झोपलेलो होतो. चोर दिसला तो सकाळी, फोनमध्ये. मग या कॅमेऱ्याचा उपयोग काय?"

प्रश्न रास्त आहे. शेळ्या म्हणजे आपल्याकडची चालती-बोलती ठेव. पोरीची फी, आजारपण, गटाचा हप्ता, सगळ्याला तीच उपयोगी पडते. त्यातून रात्री घरात कोण असते ते पाहा. शेतीपंपाला रात्रीची वीज असली की घरचा गडी पाणी द्यायला रानात जातो आणि घरात बाई एकटी राहते. बीडसारख्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जोडपी निघतात. मागे उरतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. त्यांना सकाळी चोराचा फोटो मिळून काय करायचे? त्यांना वेळेवर सावध करणारे काहीतरी हवे.

यासाठी कॅमेऱ्याला बिनतारी मोशन सेन्सर जोडता येतो. मोशन सेन्सर म्हणजे हालचालीची चाहूल घेणारा छोटा डबा. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा, समोर पांढरा फुगीर पडदा, आत बॅटरी. कॅमेरा सगळे बघतो, पण आपल्याला उठवत नाही. सेन्सर उठवतो, पण कोण आले ते त्याला सांगता येत नाही. दोघांची नीट जोडणी झाली की आपल्याला हाक येते आणि दार न उघडता बाहेर कोण आहे ते दिसते.

काही जणी म्हणतील, आमच्या कॅमेऱ्यात हालचाल कळायची सोय आधीच आहे. बहुतेक कॅमेऱ्यांत ती असते. पण साधा कॅमेरा हालचाल ओळखतो ती चित्रात झालेल्या बदलावरून. लिंबाची फांदी हलली, सावली सरकली, पावसाची सर आली, रात्री कॅमेऱ्याच्या दिव्यापाशी किडे घोंगावले, भिंगावर कोळ्याने जाळे विणले, की त्याला वाटते कुणी आले. रात्रीत वीस-पंचवीस वेळा फोन वाजला की आपण वैतागून तो आवाज बंद करून टाकतो. मग खरा चोर येतो त्या रात्री फोन मुकाच असतो.

सेन्सर वेगळ्या रीतीने काम करतो. प्रत्येक उबदार शरीरातून डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण बाहेर पडत असतात. माणूस असो, गाय असो, कुत्रे असो. सेन्सर स्वतः काही सोडत नाही, फक्त हे किरण टिपतो. त्याच्या पांढऱ्या पडद्यावर बारीक रेघा दिसतात. त्या रेघांमुळे समोरच्या जागेचे वाफ्यांसारखे पट्टे पडतात. उबदार शरीर एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात गेले की आतल्या यंत्राला उष्णतेतला फरक जाणवतो आणि ते संदेश पाठवते. हलणारी सावली त्याला कळत नाही, कारण सावलीला ऊब नसते.

एवढे समजले की बसवायची जागा आपोआप समजते. वाफे आडवे ओलांडणारा माणूस सेन्सरला पटकन कळतो. थेट त्याच्याकडे चालत येणारा उशिरा कळतो. म्हणून फाटकाच्या वाटेकडे सरळ तोंड करून सेन्सर लावू नका. वाट त्याच्यासमोरून आडवी जाईल अशा भिंतीवर लावा. उंची साधारण ७ फूट ठेवा. बऱ्याच घरगुती सेन्सरचा पल्ला २५ ते ३० फुटांचा असतो. त्यापलीकडचे अंगण त्याच्या भरवशावर सोडू नका.

चुलीसमोर, शेकोटीच्या जागेसमोर किंवा उगवत्या-मावळत्या उन्हाकडे तोंड करून त्याला बसवू नये. उन्हाने तापलेला आणि वाऱ्याने हलणारा पत्रा किंवा ताडपत्री समोर असली तरी तो फसतो. खिडकीच्या काचेआड तर अजिबात नको, कारण उष्णतेचे हे किरण काचेतून आत येत नाहीत. काचेमागचा सेन्सर डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखा राहतो.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचीही गोष्ट सांगायला हवी. सेन्सर ओळखतो तो माणसाची ऊब आणि आजूबाजूची ऊब यांतला फरक. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात भिंती आणि जमीन माणसाच्या अंगाइतक्याच तापतात. मग हा फरक कमी होतो आणि सेन्सर मंदावतो. रात्र थोडी निवली की तो पुन्हा चांगला चालतो. म्हणून त्याची परीक्षा थंडीत एकदा आणि ऐन उन्हाळ्यात एकदा, अशी दोन्ही वेळा घ्या. साप मात्र त्याला बहुधा कळत नाही, कारण सापाचे अंग आजूबाजूइतकेच गरम किंवा गार असते. सेन्सर लावला म्हणून गोठ्यात बॅटरीशिवाय पाय टाकू नका.

आता जोडणीकडे वळू. इथेच पुष्कळ जणींचे पैसे वाया जातात. सेन्सर बिनतारी, कॅमेराही बिनतारी, म्हणजे दोघांचे जमेलच असे नाही. आपले केंद्र ऐकायचे तर रेडिओचा काटा ठरावीक जागी आणावा लागतो. तो तिथे नसेल तर आम्ही इथे कितीही बोललो तरी तुम्हाला ऐकू येत नाही. या वस्तूंचेही तसेच आहे. काही सेन्सर घरातल्या वायफायवर बोलतात. काही झिगबी नावाच्या वेगळ्या पद्धतीने बोलतात. स्वस्तातले पुष्कळ सेन्सर फक्त आपल्याबरोबर आलेल्या भोंग्याशीच बोलतात. कॅमेऱ्याला त्यांचे बोलणे कळत नाही.

जोडणीचे सोपे मार्ग तीन आहेत.

पहिला मार्ग म्हणजे वायफायवर चालणारा सेन्सर आणि वायफायवर चालणारा कॅमेरा, दोन्ही फोनमधल्या एकाच ॲपमध्ये दिसणारे घेणे. एका घरासाठी हा मार्ग सर्वांत सोपा आहे.

दुसऱ्या मार्गात मधे एक छोटा डबा ठेवतात. त्याला हब म्हणतात. तो दुभाष्याचे काम करतो. सेन्सरचे बोलणे ऐकतो आणि ते कॅमेऱ्याला आणि फोनला कळवतो. चार-पाच सेन्सर लावायचे असतील, गोठा, शेड, मागचे दार, तर हा मार्ग बरा. असे सेन्सर वीज कमी खातात, त्यामुळे बॅटरीही जास्त टिकते.

तिसरा मार्ग ज्यांच्याकडे तारेचे कॅमेरे आणि रेकॉर्डिंगचा डबा आधीच आहे त्यांच्यासाठी. गटाच्या दालमिलमध्ये किंवा दूध संकलन केंद्रात तो असतो. अशा काही डब्यांच्या मागे अलार्मची तार जोडायला स्क्रू दिलेले असतात. सेन्सरचा संदेश घेणाऱ्या रिसीव्हरमधून दोन तारा आणून तिथे जोडतात. सेन्सरला चाहूल लागली की रिसीव्हर आतल्या आत बटण दाबल्यासारखे करतो आणि डबा ठरलेल्या कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग सुरू करतो. हे काम जाणत्या कारागिराकडूनच करून घ्या. त्या स्क्रूंना घरातल्या विजेची तार चुकूनही लागता कामा नये.

दुकानात गेलात की एक पथ्य पाळा. पैसे देण्याआधी दुकानदाराला म्हणा, "हा सेन्सर आणि हा कॅमेरा माझ्याच फोनवर जोडून दाखवा. सेन्सरसमोर हात हलवल्यावर कॅमेऱ्याचे रेकॉर्डिंग सुरू झालेले मला बघायचे आहे." जो दाखवेल त्याच्याकडून घ्या. "घरी गेल्यावर होईल" असे म्हणणाऱ्याला तिथूनच नमस्कार करा. बाहेर लावायची वस्तू असेल तर खोक्यावर आयपी ६५ किंवा त्याहून मोठा आकडा आहे का ते पाहा. तो आकडा पावसा-धुळीत टिकण्याचा असतो. घरात लावायचा सेन्सर पागोळ्यांखाली लावला तर एक पावसाळाही काढणार नाही. रेकॉर्डिंग कार्डावर राहते की त्यासाठी दरमहा पैसे भरावे लागतात, हेही तिथेच विचारून घ्या.

घरी जोडताना क्रम असा ठेवा. आधी कॅमेरा वायफायला जोडा. बरेचसे घरगुती कॅमेरे आणि सेन्सर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात. राउटरवर दोन वायफाय दिसत असतील तर ज्याच्या नावात ५ आहे ते बहुधा यांना चालत नाही. कॅमेऱ्याला ओळखीचे नाव द्या, "गोठा" किंवा "मागचे दार". मग हब असेल तर तो जोडा. नंतर सेन्सरच्या बॅटरीवरची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढा आणि त्याचा दिवा लुकलुकेपर्यंत बटण दाबून धरा. ॲपमध्ये तो दिसला की त्यालाही नाव द्या.

आता राहिली सांगड. ॲपमध्ये "जर आणि तर" असा नियम करायची जागा असते. जर गोठ्याच्या सेन्सरला हालचाल जाणवली, तर गोठ्याच्या कॅमेऱ्याने रेकॉर्डिंग सुरू करावे आणि फोनवर सूचना द्यावी. भोंगा किंवा बाहेरचा दिवा जोडलेला असेल तर तोही याच नियमात घालता येतो. नियमाला वेळ लावा, रात्री १० ते पहाटे ५ अशी. दिवसभर आपल्याच येण्याजाण्याने फोन वाजत राहिला तर त्याची किंमत राहत नाही. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकून झोपत असाल तर तेवढे दिवस अंगणातला नियम बंद ठेवा आणि गोठ्याचा चालू ठेवा.

सेन्सर आणि कॅमेरा एकाच खिळ्यावर टांगू नका. बॅटरीवर चालणारा कॅमेरा एरवी झोपलेला असतो. त्याला जागे व्हायला एखाद-दोन सेकंद, कधी जास्तही लागतात. तेवढ्यात माणूस पुढे निघून जातो आणि चित्रात नुसती पाठ येते. म्हणून सेन्सर वाटेवर अलीकडे आणि कॅमेरा आत दाराकडे ठेवा. माणूस सेन्सरसमोरून गेला की कॅमेरा जागा होईल आणि तो दारापाशी पोहोचेल तेव्हा त्याचा चेहरा टिपला जाईल. वेगळा सेन्सर घेण्याचा खरा फायदा हाच आहे.

खोक्यावर लिहिलेले बिनतारी अंतर मोकळ्या मैदानातले असते. आपली जाड दगडी भिंत मधे आली की ते कमी होते. पत्रा आला की त्याहून कमी होते. सेन्सर भिंतीवर कायमचा ठोकण्याआधी दोऱ्याने टांगून दोन दिवस बघा. संदेश पोहोचत नसेल तर हब किंवा राउटर घर आणि गोठ्याच्या मधे आणा.

परीक्षा घेताना नुसता हात हलवून भागत नाही. रात्रीच्या वेळी एकीने फाटकातून चालत यावे, एकीने वाकून यावे, एकीने भिंतीच्या कडेने यावे. कुत्रे आणि शेळीही समोरून नेऊन पाहा. एकदा संदेश दिल्यावर बॅटरी वाचवण्यासाठी पुष्कळ सेन्सर काही सेकंद ते काही मिनिटे गप्प बसतात. म्हणून दोन परीक्षांच्या मधे थोडे थांबा, नाहीतर चांगला सेन्सर बिघडला असे वाटेल. फोनकडेही लक्ष द्या. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की काही फोन ॲपला झोपवून टाकतात. या ॲपला त्यातून वगळा आणि त्याचा आवाज वेगळा, मोठा ठेवा.

वीज गेली तर काय? सेन्सर आपल्या बॅटरीवर चालतच राहतो, पण राउटर आणि हब बंद पडले की त्याचा निरोप न्यायला कुणी उरत नाही. राउटरसाठी छोटा बॅटरी बॅकअप मिळतो, किंवा घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर राउटर घ्या. नेट गेले तरी भोंगा वाजेल का, हे दुकानातच विचारा. काही वस्तूंचा नियम घरातल्या हबमध्ये चालतो, त्या नेटशिवायही भोंगा वाजवतात. काहींचा नियम कंपनीच्या दूरच्या यंत्रावर चालतो, त्या नेट गेले की मुक्या होतात. आपल्या गावात नेट किती वेळा जाते ते आपल्याला ठाऊक आहे.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ही सूचना कुणाच्या फोनवर येणार? पुष्कळ घरांत ॲप असते पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाच्या फोनवर किंवा घरधन्याच्या फोनवर. घरधनी रानात, मुलगा झोपलेला, आणि घरात असलेल्या बाईला काही पत्ताच नाही. जी रात्री घरात असते तिच्या फोनवर सूचना आलीच पाहिजे. ॲपमध्ये घरातल्या इतरांना भागीदार म्हणून जोडायची सोय असते. तिथे घरातल्या बाईचा आणि तिला चालत असेल तर एका विश्वासू शेजारणीचा फोन जोडा. सगळ्यांना एकच पासवर्ड वाटत बसू नका. पासवर्ड स्वतःचा घाला. खोक्यातून आलेला तसाच ठेवला तर बाहेरचा माणूसही आपला कॅमेरा उघडू शकतो.

जी वस्तू चोरावर नजर ठेवते, ती घरातल्या माणसावरही ठेवू शकते. सून किती वाजता बाहेर गेली, लेक कुणाशी बोलली, हे मोजायला कॅमेरे आणि सेन्सर वापरलेले आम्ही ऐकतो. मैत्रिणींनो, राखण वेगळी आणि पाळत वेगळी. कॅमेरा बाहेर बघणारा हवा, वाटेकडे, फाटकाकडे, गोठ्याच्या दाराकडे. झोपायच्या खोलीत तो नको. न्हाणीकडे आणि शेजारणीच्या अंगणाकडे त्याचे तोंड नको. बाई आंघोळीला किंवा शौचाला असताना चोरून बघणे किंवा चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे. पहिल्यांदा दोषी ठरले तरी किमान १ वर्षाची कैद आहे. कॅमेरा लावायचा ठरला की घरातल्या प्रत्येक बाईला तो कुठे आहे आणि त्यातले कोण बघते ते माहीत असले पाहिजे. कॅमेऱ्याच्या नावाने कुणाचा छळ होत असेल तर १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे.

रात्री फोन वाजला तर काय करायचे, तेही आधी ठरवून ठेवा. पहिले, दार उघडू नका. फोनवर कोण आहे ते बघा. घरातून बटण दाबून बाहेरचा दिवा लावा. शेजारणीला फोन करा आणि माणूस अनोळखी असेल तर ११२ फिरवा. जुन्नरसारख्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याही शेळ्यांच्या वासाने घरापर्यंत येतो. तो उबदार प्राणी असल्याने सेन्सरला कळतो. म्हणून काठी घेऊन बाहेर धावण्याआधी फोनमध्ये बघायलाच हवे. बिबट्या दिसला तर वनविभागाचा १९२६ हा नंबर आहे.

चोरी झालीच तर रेकॉर्डिंग त्याच दिवशी जपून ठेवा. कार्ड भरले की जुने चित्रण पुसून त्यावर नवे येते. चित्रण फोनमध्ये उतरवून घ्या आणि कार्ड काढून पोलिसांना दाखवा. मूळ चित्रणाला कात्री लावू नका, गावच्या ग्रुपवर टाकण्यासाठी तर नाहीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असा पुरावा कोर्टात देताना सोबत प्रमाणपत्र लागते. ते कसे भरायचे ते पोलीस ठाण्यात विचारून घ्या.

शेवटी गटाने करायचे काम. दर महिन्याच्या बैठकीच्या दिवशी प्रत्येकीने घरी एकदा सेन्सरसमोरून चालून बघावे, बॅटरी किती उरली ते ॲपमध्ये पाहावे, भिंगावरचे जाळे मऊ फडक्याने पुसावे. वर्दळीच्या जागी लावलेल्या सेन्सरची बॅटरी लवकर उतरते. तीन-चार शेजारणींनी एकमेकींचे फोन जोडले तर एकीची हाक चौघींपर्यंत जाते. यंत्र फक्त निरोप देते, धावून येते ती शेजारीणच. म्हणून कुणाच्या घरची सूचना कुणाच्या फोनवर जाणार, हे पुढच्या बैठकीत ठरवा आणि वहीत लिहून ठेवा. काही अडले तर प्रश्न केंद्रावर पाठवा, आम्ही पुढच्या भागात घेऊ. तोवर नमस्कार.